कँटीनमागची खोली

बससमोर अचानक माणूस आला आणि जागीच गेला, त्यात चालकाची चूक नव्हती. चौकशीत तसं ठरलंही. पुन्हा कामावर आल्यावर तो केबिनमध्ये चढला, चावी फिरवली, आणि त्याचा पाय ब्रेकवरून उचलेना. शेवटी दुसऱ्या चालकाने त्याला धरून खाली उतरवलं.

साहेबांनी त्याला गाड्या धुण्याच्या कामावर टाकलं. घरी बायको विचारायची, "काय होतंय?" तो म्हणायचा, "काही नाही." थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "मन घट्ट कर." मन घट्टच झालं होतं, आतलं काही बाहेर येतच नव्हतं.

एका दुपारी तो काच पुसत असताना कंडक्टर ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डेपोत सहसा त्यांच्या तोंडी कुणी लागत नसे. त्यांनी हळूच विचारलं, "डोळे मिटलेस की काय दिसतं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "चप्पल," तो म्हणाला. "एकच."

"माझा मुलगा गेला तेव्हा मला त्याचा टॉवेल दिसायचा. जगणंच नको झालं होतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली, पण गोळीशी बोलणार काय? आम्ही काहीजण गुरुवारी कँटीनमागच्या खोलीत बसतो. ये. बोलला नाहीस तरी चालेल. चहा मात्र भिकार असतो, आधीच सांगून ठेवते."

तो गेला. कितीतरी गुरुवार नुसता कप धरून बसला. तिथे कुणी कुणाला शहाणपण शिकवत नव्हतं. मग एकदा त्याच्या तोंडून निघालं, "त्या माणसाने माझ्याकडे बघितलं होतं."

'तुझी काय चूक' असं कुणीच म्हणालं नाही. स्टोअरवाले काका एवढंच म्हणाले, "मग?"

मग त्याने सगळं सांगितलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. दोघं पोटभर रडली. ताईंच्या सांगण्यावरून तो डॉक्टरकडेही जाऊ लागला. गाडी त्याने पुन्हा चालवली नाही. वर्कशॉपमध्ये कायमची बदली मागून घेतली.

तिथला वायरिंगचा मिस्त्री बायको वारल्यावर कामावर येईनासा झाला. चालक त्याच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "असं खचून कसं चालेल?" मिस्त्रीने दार लावून घेतलं. परतताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो थेट थोरल्या भावासारखा बोलला होता.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. "काल मी भलतंच बोललो," तो बंद दाराशी म्हणाला. "मी बस का चालवत नाही, ते तुला सांगू?"

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"पसारा आहे," मिस्त्री म्हणाला.

"असू दे."

खुर्चीवरचे कपडे बाजूला सारून तो बसला आणि सांगू लागला. मिस्त्री भिंतीला टेकून ऐकत राहिला. मध्येच त्याने विचारलं, "मग?"