बोळाच्या तोंडाचा धोंडा

राहीबाईनं घागर उचलून हलवली. आत काहीच वाजलं नाही.

"सकाळपास्नं अशीच हाय?"

"अशीच," आतल्या बाजेवरून कडूबाई म्हणाली. "टँकर माझं घर इसरला आसंल. म्हातारा झालाय त्यो बी."

खुबा मोडल्यापासून कडूबाई बाजेवरच होती. ओठ पांढरे पडले होते, पण जीभ तशीच. शेजारची बनुबाई संध्याकाळी कामावरून परतली, तेव्हा तिला कोरडी घागर दिसली आणि तिनं राहीबाईला बोलावून आणलं. राहीबाईनं घरून आणलेला तांब्या मैत्रिणीच्या ओठाला लावला.

"बस की जरा," कडूबाई म्हणाली. हे ती रोजच म्हणायची.

"बसू कशी? आदी ह्ये कसं झालं ते बघते."

दुष्काळाचं साल. जामखेडकडचं हे गाव पहाट झाली की खडी फोडायला जायचं. मागं उरायची म्हातारी नि आजारी माणसं. त्यांचं पाणी टँकरवरून घरोघर पोचवायचं काम राहीबाईचं आणि श्रीमंतचं. श्रीमंतची बोटं खडीवर चेंगरली होती. हातोडा धरवत नव्हता, पण खांद्यावर कावड पेलायची.

गावाची रीत सोपी होती. पाणी हवं, तर ओट्यावर घागर उताणी. नको, तर पालथी. आणि बोळात एक जरी घागर उताणी असली, तरी पहाटे कामावर जाणाऱ्या शेजाऱ्यांनी बोळाच्या तोंडाशी धोंडा ठेवायचा; घागरी भरल्या की पाणी आणणाऱ्यानं तो उचलायचा. धोंडा नाही त्या बोळात शिरायचंच नाही. उगाच पाय झिजवायला जीव होता कुणाला? प्रत्येक बोळातली डाव्या हाताची घरं राहीबाईची, उजव्या हाताची श्रीमंतची.

श्रीमंत चावडीपाशी कावडीची दोरी वळत बसला होता.

"कडूबाईच्या बोळातला धोंडा कुनी उचलला रं?"

"म्याच. माझ्या घागरी भरल्या. वाटलं, तुमी आदीच येऊन गेला."

"आन मी आले तवा धोंडा न्हाई. म्हनलं, आज इथं कुनाला नको आसंल."

श्रीमंतचे हात थांबले. "म्हातारी दिसभर तहानली?"

खोटं कुणीच वागलं नव्हतं. एका धोंड्याला दोन धनी होते, एवढंच.

ती खाली बसली. धुळीत बोटानं बोळांच्या रेघा ओढल्या आणि रेघांवर घागरींचे खडे मांडले. पोराला पहिलं अक्षर गिरवायला द्यावं, तशी सावकाश.

"उद्यापास्नं बोळ मदी चिरायचा न्हाई. आख्खा बोळ एकाचा. ज्याचा बोळ, त्याचाच धोंडा. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

"मग निम्मे बोळ तुमचे, निम्मे माझे."

"आरं येड्या, बोळ नको मोजू, घागरी मोज. कुंभाराच्या बोळात दोनच घागरी, वरच्यात किती दाटी हाय बघ."

खडे इकडचे तिकडे झाले. दोन्हीकडं सारखे यायला एकच मेळ बसत होता : वरचा बोळ आणि कडूबाईचा बोळ श्रीमंतकडं, बाकी सगळे राहीबाईकडं.

श्रीमंत चाचरला. "मावशी, कडूबाईचा ऱ्हाऊ द्या की तुमालाच."

राहीबाई त्या रेघेकडं बघत राहिली. पोरपणापासूनची मैत्रीण. रोज घागर ओतताना दोन शब्द व्हायचे, तेवढेच.

"मग माझ्याकडं जास्ती हुत्यात, आन माझी शेवटची घागर उनात तहानंल. न्हाई. तो तुजा."

दुसऱ्या दिवशी आपले बोळ आटोपून ती कडूबाईच्या बोळाशी आली. धोंडा अजून तिथंच होता. तिचा हात आपोआप पुढं झाला. तिनं तो मागं घेतला आणि भिंतीच्या सावलीला उभी राहिली.

बऱ्याच वेळानं श्रीमंत मोकळी कावड घेऊन आला. त्यानं धोंडा उचलून बाजूला ठेवला.

"झालं?"

"झालं. म्हातारी म्हनती, पानी ग्वाड हाय, पन पानक्या मुका हाय."

राहीबाई बोळात शिरली. ओट्यावरची घागर काठोकाठ भरली होती.

"आता कशी गं?" कडूबाई म्हणाली. "घागरी खोळंबल्या न्हाईत का तुज्या?"

राहीबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली, बाजेखाली ठेवली आणि मैत्रिणीच्या उशाशी टेकली.