मागून वाजणारे पाऊल

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आप्पा जागे होतात, पण लगेच उठत नाहीत. अंथरुणात पडल्यापडल्याच उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर ठेवतात, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येण्याची वाट पाहतात आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. मग उशालगतची वही उघडून आकडा लिहितात. पूर्वी तो बावन्नच्या आसपास असे, आता सत्तरच्या पुढे असतो. वहीत दोन रकाने आहेत. दुसरा त्यांच्या मित्राचा, वेल्ह्याच्या कोंडिबाचा. दोघे तीस वर्षे दर रविवारी तोरण्याच्या वाटेवर धावत आणि आठवड्याचे आकडे पडताळून पाहत. आठ महिने झाले, कोंडिबा नाही. तरीही आप्पा रोज पट्टी लावून दुसऱ्या रकान्याची रेघ ओढतात.

आप्पा म्हणजे माझे वडील, आनंदराव. ते वेल्ह्याच्या पोस्टात पोस्टमन होते. चौतीस वर्षे डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर पायी टपाल वाटले. निवृत्त होऊन भोरला आल्यावर ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरले आणि सहासष्टाव्या वर्षी पाच हजार मीटर चोवीस मिनिटांत धावले. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग दर पंधरवड्याला पुण्यात केमोथेरपीचे इंजेक्शन. एकूण बारा, त्यातली आठ झाली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते, "चालणं सोडू नका. जमेल तेवढंच, पण रोज." तेव्हापासून धावणे संपले, आणि नीरेच्या पुलापर्यंत जाऊन येण्याइतके चालणे उरले.

त्या गुरुवारीही ते तसेच निघाले. मी दारात उभी होते. कोपऱ्यावर पोहोचण्याआधी त्यांनी तीनदा मागे वळून पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते.

त्याच दिवशी दहा वाजता आम्ही तिघे शिवऱ्यात, हायवेमागच्या एका मांडवात होतो. आईचा हट्ट होता. "एकदा दर्शन घेऊ, मग तुमचं तुमी ठरवा," असे तिने आप्पांना विनवले होते. नववे इंजेक्शन मंगळवारी होते, आणि ते घ्यायचे की नाही हे तिच्या लेखी या मांडवात ठरणार होते.

मांडवात चारशे माणसे असतील. पहिल्या दहा रांगांत रुग्ण बसले होते, मांडी घालून, पापणीही न लववता. स्थिरानंद महाराजांचा तसा आदेश होता. एकेचाळीस दिवस चालायचे नाही, वाकायचे नाही, सुई टोचून घ्यायची नाही.

"हालचाल हे गाठीचं खाद्य!" महाराज म्हणाले. अंगावर शाल, समोर माईक. "ससा पळतो, किती जगतो? चार वर्षं! झाड पळतं का? नाही! म्हणून शंभर वर्षं जगतं!"

"धोंडा तर त्याहून लई जगतो," आप्पा पुटपुटले. आईने त्यांना कोपर मारले.

मग महाराजांनी डोळे मिटले. ते स्वतःची नाडी थांबवणार होते. त्यांची थांबली की भक्तांच्या अंगातल्या रोगाचीही थांबते, असे निवेदकाने जाहीर केले. शंका असेल त्याने पुढे येऊन तपासावे. कापूरहोळचे एक निवृत्त कंपाउंडर पुढे गेले. त्यांनी मनगट धरले, चष्मा सारखा केला, बोटे हलवून पुन्हा धरले आणि ओरडले, "न्हाई! नाडीच न्हाई!"

मांडवात हुंदके फुटले. मी भोरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तरीही माझ्या अंगावर काटा आला. चारशे माणसे एकाच वेळी श्वास रोखतात तेव्हा आपलाही श्वास थांबतो.

"आनंदराव!" नाव पुकारले गेले. आम्ही पुढे झालो. महाराजांनी डोळे न उघडताच विचारले, "पोस्टमन, चालताना तुमच्या मागं कुणाचं तरी पाऊल वाजतं ना?"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. मला या पावलाची कल्पनाच नव्हती.

"तो तुमचा मित्र. माझ्यापुढं बसला, पण मनात शंका घेऊन बसला. शंकेखोराची गाठ मी कशी थांबवू? आता तो तुम्हाला सांगायला येतो की, पोस्टमन, पुरे झालं. बस."

कोंडिबाच्या जबड्यात गाठ होती. औषध सोडून तो एकेचाळीस दिवस ओसरीवर बसला आणि त्यानंतर त्याला उभे राहता आले नाही. त्याला बसवणारे महाराज हेच, हे मला तेव्हा कळले. आप्पा मात्र समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे पाहत होते. ती नजर मी ओळखली. आठव्या इंजेक्शननंतर ते म्हणाले होते, "दमलो गं. नुसतं बसावं वाटतं." त्यांना चमत्कार नको होता. बसण्याची परवानगी हवी होती.

"धरा," महाराजांनी मनगट पुढे केले.

आप्पांनी धरले. ओठ हलू लागले, ते मोजत होते. मग ओठ थांबले. नाडी खरोखरच गेली होती.

आणि मग त्यांच्या हातांनी सवयीचे तेच केले. शर्यत संपल्यावर मनगट घामाने निसटते, ठोका सापडत नाही, तेव्हा धावणारा माणूस बोटे जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला नेतो. विचार न करता आप्पांची बोटे महाराजांच्या गळ्यावर गेली. स्वतःच्या दुसऱ्या मनगटावरचे घड्याळ त्यांनी डोळ्यांसमोर धरले.

"चोवीस," ते म्हणाले. माईक जवळच होता. "पंधरा सेकंदांत चोवीस. म्हंजे मिनिटाला शहाण्णव. महाराज, बसून बसून तुमी तर शर्यत पळून आल्यागत दिसताय!"

मागे कोणीतरी फिसकन हसले. महाराजांनी डोळे उघडले. "गळ्यात प्राण असतो, मनगटात रोग! रोगाची नाडी थांबते, प्राणाची नाही!" पुन्हा टाळ्या झाल्या. सेवेकऱ्यांनी आम्हांला हलकेच बाहेर ढकलले.

बाहेर नूतनबाई नावाच्या एका बाईंची भज्यांची गाडी होती. मी त्यांच्याकडे एक मध्यम आकाराचा कांदा मागितला आणि काखेत सैल धरून पाहिला. मांडवात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. शालीखाली महाराजांचा दंड पूर्ण वेळ बरगड्यांना घट्ट चिकटलेला होता.

"ताई, कांदा भज्यांत घालत्यात, काखंत न्हाई," नूतनबाई म्हणाल्या.

"आई, माझं मनगट धर," मी म्हणाले. "ठोका लागतोय?"

"लागतोय की."

मी दंडाने कांदा काखेत दाबला. आईने बोटे उचलून पुन्हा रोवली, मग आणखी एकदा. "मैथिले! अगं, मैथिले! थांबली गं!" ती किंचाळली. तिच्या डोळ्यांत मी त्या क्षणी मेलेली होते. मी घाईने हात उचलला, कांदा रस्त्यावर घरंगळला. नाडी परत आली तशी तिने माझे मनगट छातीशी धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

"हाताला रक्त नेणारी मोठी वाहिनी काखेतून जाते," मी सांगितले. "तिथं गोल, टणक वस्तू दाबली की मनगटापर्यंत ठोका पोचत नाही. हृदय आपलं चालूच असतं. म्हणून तर आप्पांना गळ्यात सापडला."

कंपाउंडर आमच्या मागोमाग आले होते. त्यांनी कांदा उचलला, स्वतःच्या काखेत दाबला, दुसऱ्या हाताने मनगट चाचपले आणि मान खाली घातली. "चाळीस वर्षं नाड्या धरल्या म्या. अन् चारशे माणसांम्होरं साक्ष दिली."

"तुमचं चुकलं न्हाई," आप्पा म्हणाले. "त्यानं जिथं दावलं तिथंच तुमी धरलं. कुणी म्हणंल हितं बघा, तर तिथं जरूर बघावं. पन तिथंच थांबू नये. अजून एका जागी हात लावून बघावा. अन् ते आता आत जाऊन सांगा."

कंपाउंडर कांदा मुठीत धरून मांडवाकडे वळले.

टेम्पोत आई रडत रडत म्हणाली, "पावलाचं म्याच सांगितलं. मांडवाच्या दारात नाव लिहिणारी बाई लई मायेनं इचारत व्हती. कोंडिबाभावजींचंबी सांगितलं."

आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाडीचं समजलं. पन पाऊल खरं हाय, पोरी. ते कांद्यानं न्हाई वाजत. म्हैना झाला, कोंडिबा येतो मागं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्यासोबत निघाले. गावाबाहेर रस्ता सुना होता. मी श्वास धरून ऐकले आणि मलाही ऐकू आले. आप्पांच्या पावलामागोमाग, निमिषभर उशिराने, दुसरे पाऊल. टप-टप. मी मागे पाहिले. धुक्यात कोणी नव्हते. थंडी पाठीतून खाली उतरत गेली, आणि तिला मी जे शिकवते त्यातले काहीही ठाऊक नव्हते.

"येतोय ना?" आप्पा कुजबुजले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, ओढ होती.

"तुम्ही चालत राहा. मी इथेच थांबते."

ते पुढे गेले. दुसरे पाऊल माझ्यापाशी थांबले नाही, त्यांच्याबरोबर गेले. मी त्यांना रस्ता सोडून गवतातून चालायला सांगितले, तेव्हा ते दुसरे पाऊल वाजायचे थांबले. पुन्हा डांबरावर आणले, पुन्हा वाजू लागले. मी खाली बसून पाहिले. डावी टाच टेकत होती आणि पुढचा तळवा सावकाश उतरण्याऐवजी फटकन आपटत होता. एका पायाचे दोन आवाज.

मैलाच्या दगडावर बसवून मी त्यांचा डावा बूट काढला. मोज्याला रक्त लागले होते. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आत शिरून अंगठ्यामागे रुतला होता.

"दुखत नव्हतं?"

"न्हाई. तो पाय कवाचाच जरा दुसऱ्याचा वाटतोय."

"इंजेक्शनानं पायाच्या नसा बधिर होतात, आप्पा. जमीन कळत नाही म्हणून पाय आपटतो. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. त्यांना औषध कमी करता येतं, बदलता येतं."

"कसं सांगणार? कोंडिबा येतो म्हणून?" ते हसले. मग हसू ओसरले. काढलेला काटा तळहातावर घेऊन ते रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिले. "म्हंजे तो न्हाई."

कांद्याने एका महाराजाला उघडे पाडणे सोपे होते. हे सोपे नव्हते. सत्य सांगताना समोरच्याचे काय हिरावले जाते हे आपण पाहिले पाहिजे, आणि तरीही ते सांगितले पाहिजे. कारण ज्या खुणेला आपण मेलेल्या माणसाचे पाऊल समजतो ती जिवंत माणसाच्या देहाची हाक असू शकते. ती वैद्याच्या कानी जायला हवी, पण मांडवात विरून जाते.

"त्यानं शंका घेतली म्हणून मेला न्हाई तो," आप्पा म्हणाले. "शंका घ्यायला उशीर झाला म्हणून मेला." त्यांनी मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली, आणि आम्ही उरलेला रस्ता सावकाश चाललो. दुहेरी पाऊल पुलापर्यंत सोबत होते.

मंगळवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ते जागे झाले. दोन बोटे, एक मिनिट. पहिल्या रकान्यात त्र्याहत्तर लिहिले. पट्टी लावून दुसऱ्या रकान्याची रेघ ओढली, पेन थोडा वेळ अधांतरी धरला, आणि आठ महिने रिकाम्या राहिलेल्या त्या जागेत लिहिले : डावा पाय बधिर, अंगठा ते टाच, एक महिना. वही पिशवीत घातली, फाईल घातली, बूट घातले.

आई उठायच्या आत ते सहाच्या स्वारगेट एसटीसाठी स्टँडकडे चालत निघाले होते. मी मागोमाग गेले. कोपऱ्यापर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.