जरा रागानं बघा

प्रश्न ठरलेले असायचे. कार्यक्रम राजारामपुरीत असो नाहीतर गडहिंग्लजच्या कॉलेजात, माइक फिरायला लागला की पहिला प्रश्न कुठला येणार हे तहरीमला आधीच ठाऊक असायचं.

"ताई, तुम्ही... म्हणजे तुमच्यातल्या असून इतकं सुंदर मराठी कसं काय लिहिता?"

'तुमच्यातल्या'च्या अलीकडे जी अडखळ यायची ती ऐकली की तिच्या तोंडात शिळ्या ताकासारखी आंबूस चव पसरायची. कबनूरला तिचे आईबाप यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून भांडायचे, ते काय फारशीत? भांडण रंगलं की दोघं मराठीवरच उतरायचे. पण ती हसायची आणि म्हणायची, "मला दुसरं येतंय कुठं!" टाळ्या.

दुसरा प्रश्न, मिस्टर काही बोलत नाहीत का? तिसरा, घर, मूल, सगळं सांभाळून वेळ कसा मिळतो? आणि सगळ्यात शेवटी, आपसांत कोपरं मारून, खुसूखुसू हसून विचारायचा तो चौथा. कादंबरीतली ती जरीनाबी म्हणजे तुमच्याच सासूबाई का हो?

जरीनाबी ही तहरीमच्या कादंबरीतली सासू. सुनेला दुसरी मुलगी झाल्यावर बाळंतिणीच्या ताटातलं मटणाचं कालवण उचलून मोरीत ओतणारी. लोकांना सगळं पुस्तक विसरलं तरी ती मोरी विसरत नव्हती. आणि तहरीमचं या प्रश्नावरचं उत्तरही ठरलेलं होतं, "मसाला कशाचा ते कुठली सुगरण सांगते?" हशा आणि टाळ्या. घरी जाताना मात्र त्या हशाचं तेल अंगाला लागल्यासारखं वाटायचं, साबण लावला तरी न जाणारं.

तिची खरी सासू सुगरा, तहरीम तिला अम्मी म्हणायची. मंगळवार पेठेतल्या गल्ल्या-गल्ल्यांतून बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता तालमीत दंड ठोकत होती. उजैर झाला तेव्हा तहरीमच्या अंगाला तेल चोळून, शेगडीवर ओवा टाकून, दुलईत गुंडाळून ती म्हणायची, "झोप आता. उठलीस की लिव. पोरगं माझ्याकडं." त्या दुपारच्या तुकड्यांतच तहरीमची दुसरी कादंबरी पुढं सरकत होती. हल्ली तर अम्मी न्हाऊ घालायला बाहेर जातच नव्हती. "गुडघं धरल्यात," म्हणायची. तहरीमनं तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता. तो दारामागच्या खुंटीला तसाच लोंबकळत होता.

आजचा कार्यक्रम बायकांच्या वाचक मंडळाचा होता. उजैर अंगावर पिणारा, म्हणून सुगरा त्याला घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती. मंडळाच्या अध्यक्षा संयोगिताताई पैठणी नेसून माइक फिरवत होत्या. पहिले तीन प्रश्न ठरल्याप्रमाणे झाले. चौथ्याला दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. गळ्यात ठसठशीत सोन्याचा सर, हातात भडंगाची वाटी.

"मी प्रश्न नाही, कौतुक करायला उठलेय," त्या म्हणाल्या. "अहो, किती खरं लिहिता तुम्ही! आमच्या सुनेला तेलपाण्याला तुमच्याच सासूबाईंना सांगणार होतो. सगळं ठरलंवतं. तेवढ्यात आमच्या भिशीत तुमचं पुस्तक फिरलं. ती मोरी वाचली आणि म्हटलं, नको गं बाई! असल्या हाताखाली आपली पोर द्यायची?" त्या खळखळून हसल्या. "आमच्या गल्लीत आता कुणीच बोलवत नाही त्यांना. बघा, लेखणीत केवढी ताकद असते!"

टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या.

तहरीमनं मान वर केली. समोरच्या हसऱ्या तोंडांत भडंगाचे दाणे चघळले जात होते, आणि तिला वाटलं, ते भडंग नाही, अम्मीच आहे. चवीचवीनं, बोटं चाटून खातायत. गुडघे नव्हते दुखत तर. बोलावणीच आली नव्हती. आणि जो मसाला आपण सांगत नव्हतो तो आपण स्वतःच वाटून दिला होता, दर सभेत थोडा थोडा.

ती उठून उभी राहिली. "ऐका. जरीनाबी माझी सासू नाही. कुणीच नाही. ती मी रचलीय. माझ्या सासूनं माझ्या ताटातलं काढलेलं नाही, उलट स्वतःच्या ताटातलं वाढलंय. तिच्या हातात द्यायला भिऊ नका. माझं पोरगं तिच्याच हातात आहे."

मधल्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "सासूबाई मागं बसल्यात की! तसंच म्हणणार बिचारी." आणि सगळ्या बायका अशा हसल्या की पंख्याचा आवाज बुडाला.

"हसण्यासारखं काय आहे?" तहरीमचा आवाज चिरकला. "खरं सांगतेय मी!"

"अहो, आम्ही पण सासुरवाशिणीच. कळतं आम्हाला," ती सरवाली बाई मायेनं म्हणाली. "घरी जायचंय ना परत."

ती जितकं नाही म्हणत होती तितकं त्यांना व्हय ऐकू येत होतं. पुस्तकात खोटं लिहिलं त्यावर यांचा विश्वास बसला. तोंडानं खरं सांगितलं तर त्यावर हसू. तिला पुढच्या टेबलावरची शाल, नारळ, गुच्छ, सगळं पायानं लोटून द्यावंसं वाटलं. ब्लाउज दुधानं भिजायला लागला होता. मागून उजैर रडायला लागला होता आणि सुगरा त्याला खांद्यावर थोपटत मधल्या वाटेनं येत होती.

"घे गं, पाज त्याला आदी," ती म्हणाली. "बोलनं काय, हाईच."

संयोगिताताईंनी माइक तोंडाशी नेला. "मैत्रिणींनो, आज आपल्यात प्रत्यक्ष आल्यात... ओळखलंत ना कोण?"

तहरीम उजैरला घेऊन स्टेजमागच्या खोलीत गेली. पदराखाली तो चुटूचुटू पीत होता, मधेच थांबून वर बघून हसत होता, दुधाचा ओघळ हनुवटीवर. जगात एवढं एकच तोंड असं होतं की ज्याच्या खाण्याची तिला या घडीला किळस येत नव्हती. बाहेर गलका वाढत होता. त्याचं पिऊन झालं तशी ती त्याला कडेवर घेऊन घाईनं बाहेर आली.

बायकांनी सुगराला कडं घातलं होतं. तिच्या खांद्यावर सत्काराची शाल, आणि एकेक जण शेजारी उभी राहून मोबाइल लांब धरत होती.

"मावशी, हसू नका हो! जरा रागानं बघा माझ्याकडं. जरीनाबीसारखं!"

"असं?" सुगरानं भुवया आवळल्या. डोळे मोठे केले. पुन्हा ओठाच्या कडेला हसू सुटलं, ते तिनं ओठ चावून दाबलं.

"अजून जरा! हां, आत्ता कसं!"

तहरीमनं तिचा दंड धरला. "अम्मी, चला. काय करताय हे?"

"थांब की गं," सुगरा हलक्या आवाजात म्हणाली. "दोघीजणी ऱ्हायल्यात. तुझ्या बुकाचीच माणसं हाईत. नाही म्हटलं तर वाईट दिसंल."

"तुम्हाला बोलावत नाहीत, ते या बुकामुळंच. माहिती होतं तुम्हाला?"

सुगरानं शाल सारखी केली. "व्हय की. मला काय कान न्हाईत?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय हुतंय? तू लिवायची थांबली असतीस. मग मी दुपारच्याला पोराला घिऊन करायचं काय?" असं म्हणून ती पुढच्या बाईकडं वळली आणि पुन्हा भुवया आवळायला लागली. तेवढी सवय आता तिला झाली होती, हेच तहरीमला बघवेना.

तिनं उजैरला कडेवरून उचललं आणि सुगराच्या हातात ठेवलं. त्यानं लगेच दोन्ही मुठींनी आजीचं नाक धरलं. सुगराच्या भुवया सुटल्या, तोंडभर हसू आलं आणि "आरं लब्बाडा!" म्हणून तिनं त्याच्या पोटात नाक खुपसलं.

"आता काढा," तहरीम म्हणाली.

मोबाइलवालीनं हात खाली घेतला. "नको ताई," ती म्हणाली. "असला फोटो काय, घरोघरी असतोय."