हिरवी खूण

ही गोष्ट दोन हजार सात सालची. मोबाइल तेव्हा बटणांचे असत आणि त्यांच्या पोटात मोजकेच मेसेज मावत. डोळ्यांच्या एका बारा खाटांच्या रुग्णालयात टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेली एक बाई होती. सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत, वयानं मोठे डॉक्टरसुद्धा. ते नाव तिला मनातून फार आवडायचं.

ऑपरेशनची तारीख कळवायला पूर्वी टपालानं कार्डं जायची. ताईनं एका कंपनीमार्फत मेसेज पाठवायची सोय केली. इथून मेसेज कंपनीकडे जायचा, तिथून पेशंटच्या फोनवर. फोनवर पोचला की नाही, याचा उलट निरोप कंपनीनं द्यायचा. तो घेण्यासाठी ताईनं आपल्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता कंपनीला कळवला होता. पोचल्याचा निरोप आला की यादीत नावापुढे हिरवी खूण, न पोचल्याचा आला तर लाल, आणि काहीच आलं नाही तोवर पिवळी.

मेट्रनबाईंना पिवळा रंग खपत नसे. "ताई, ही यादी आहे की कावीळ?"

मग ताईनं एक ओळ वाढवली. चोवीस तासांत उलट निरोप आला नाही, तर मेसेज पोचला असं समजून खूण हिरवी करायची. यादी कशी हिरवीगार झाली. मेट्रनबाईंनी डॉक्टरांना बोलावून दाखवली. लाल खूण तर महिन्याभरात एकही उमटली नाही. ते ताईला आपल्या कामाचं यश वाटलं.

एका सोमवारी एक म्हातारा शिंपी बायकोला धरून काउंटरशी आला. "चार महिने झाले. आमची तारीख कधी? सुईत दोरा हिला ओवून द्यावा लागतो."

ताईनं यादी पाहिली. "काका, तुमची तारीख गेल्या मंगळवारी होती. आला नाहीत म्हणून नंबर दुसऱ्याला दिला. आता पुन्हा शेवटून."

"आम्हाला कोणी कळवलंच नाही!"

हॉल भरलेला होता. ताईनं तो अवजड मॉनिटर दोन्ही हातांनी लोकांकडे वळवला. "ही बघा हिरवी खूण. मेसेज पोचलाय."

"मला हिरवं दिसलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" शिंपी म्हणाला. लोक हसले. मग तो बायकोकडे वळला. "फोन तुझ्याकडे असतो. पुसलास ना?"

"मी एकही मेसेज पुसत नाही. लेकीचे आहेत सगळे."

"कॉम्प्युटर खोटं बोलतो आणि तू खरं! माझे डोळे गेले तरी चालतील, हिचा हट्ट राहिला पाहिजे."

म्हातारी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "असेल हो. चुकून मीच पुसला असेल. ताई कशाला खोटं सांगतील?"

"आणा इकडे फोन, दाखवते," ताई म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं पाकीट लुकलुकत होतं. त्याचा अर्थ ताईला ठाऊक होता. फोन भरलाय, नवा मेसेज आत येऊच शकत नाही. उघडून पाहिलं तर लेकीचे मेसेज, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'आई, पोचले.' 'आई, जेवलीस का?' त्यातला एकही पुसलेला नव्हता.

ताईनं मान वर केली. हॉल तिच्याकडे बघत होता. दारात मेट्रनबाई उभ्या होत्या.

"बघते हं," असं म्हणून तिनं फोन परत दिला. "पुढचा कोण?"

दुपारी तिनं कंपनीला फोन लावला. "बाई, आम्ही उलट निरोप रोज पाठवतो," तिकडचा माणूस म्हणाला. "तुमच्या पत्त्यावर दार उघडायला कोणी नाही." महिन्यापूर्वी टेलिफोनची लाइन बदलली होती, तिच्याबरोबर कॉम्प्युटरचा पत्ताही बदलला होता, आणि तो कळवायचं ताई विसरली होती. कंपनीनं जुने निरोप पाठवून दिले. एकेचाळीस मेसेज पोचलेच नव्हते. शिंप्याचा मेसेज दोन दिवस भरलेल्या फोनच्या दारात ताटकळून परत फिरला होता. आणि त्या सगळ्यांवर हिरवा रंग तिच्या हातानं लिहिलेल्या ओळीनं फासला होता.

तिनं नवा पत्ता कळवला, ती ओळ काढून टाकली, मुद्दाम चुकीच्या नंबरवर मेसेज पाठवून पाहिला. लाल खूण उमटली. ही परीक्षा तिनं आधी कधी घेतलीच नव्हती. तरी मेट्रनबाईंना सांगायला तिला बुधवार उजाडला.

मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रंग मीच मागितला होता." एकेचाळीस जणांना दोघींनी मिळून फोन केले, पुन्हा तारखा दिल्या. शिंप्याच्या दुकानात मात्र ताई स्वतः गेली.

म्हातारी काजं करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी. फोन हातात घेतला तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

ताईनं खाली पडलेलं एक बटण उचलून शिलाई मशीनवर ठेवलं.

"इथं मी आणि हे मशीन, दोघंच. तिथं माणसं होती. तिथं सांग."

ऑपरेशन झाल्यावर शिंप्याला हॉलमध्ये आणून बसवलं, तेव्हा ताई काउंटरबाहेर आली. "यांच्या बायकोनं मेसेज पुसला नव्हता," ती म्हणाली. "तो पोचलाच नव्हता. चूक माझी होती, आणि कळूनही मी गप्प बसले." माणसं त्या दिवशी वेगळी होती. सोमवारचं त्यांतलं कोणीच नव्हतं. ही काय बोलते, म्हणून सगळे बघत राहिले. डोळ्यावर पट्टी बांधलेला शिंपी एवढंच म्हणाला, "ऐकू आलं." म्हातारीनं पदरानं त्याच्या गालावर ओघळलेलं औषध टिपलं.

शिंप्याला चांगलं दिसू लागलं. पुढे सहा वर्षं तो शिवत होता. बायकोची त्यानं माफी मागितली की नाही, कोणालाच कळलं नाही. मेट्रनबाई निवृत्त होऊन बहिणीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. कंपनी दुसऱ्या कंपनीत विरून गेली. ताई आणखी नऊ वर्षं त्याच काउंटरवर होती. पिवळी खूण दिसली की स्वतः फोन करायची, लोक तिच्या चिवटपणाला हसायचे.

म्हातारीनं मात्र त्यानंतर फोन जवळ ठेवला नाही. लेकीचा फोन आला तरी नवऱ्याकडे सरकवायची. "तुम्हीच धरा," म्हणायची, "माझ्याकडून काही पुसलं जायचं."