उतारावरचा घास

माझ्या थोरल्या नातवाच्या पायातला दोरा कापला, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरगं पाऊल टाकायला लागलं की आमच्याकडे त्याच्या दोन्ही पायांना मिळून काळा-पांढरा दोरा बांधतात. माणसं लांबून पळत येतात आणि जो आधी पोचेल तो सुरीनं दोरा कापतो. पोरगं कापणाऱ्याच्या वळणावर जातं म्हणतात, त्यामुळे सुरी कुणाच्या हाती लागते याकडे सगळ्यांचे डोळे असतात.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ अल्टिमिश पहिला पोचला. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, धाप लागलेली, तरी गावातल्या तरण्या पोरांच्या पुढे आला. त्याच आठवड्यात तो रशियातून परतला होता, वीसेक वर्षांनी. लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. तो सुरी उचलायला वाकला आणि माझ्या नवऱ्यानं, मामबेतनं, त्याचं मनगट धरलं.

"ठेव ती," मामबेत म्हणाला. "माझ्या नातवाला पळून जायची सवय लागायला नको."

अल्टिमिशनं सुरी ठेवली. दोरा मग शेजारच्या मास्तरनं कापला. जेवणं झाली, पण कुणाला घास गोड लागला नाही.

दोघांचं वैर कशावरून होतं ते सांगते. माझे वडील ओस्मोनाली सामूहिक शेतीच्या काळात मोटरसायकल-शर्यतीच्या क्लबात शिकवायचे. नारीनपासून पार ओश शहरापर्यंत त्यांची पोरं शर्यती मारून यायची. सगळ्यांत तरबेज हे दोघे, पोटचा मुलगा आणि पुढे जावई झालेला. मग रशियाचं राज्य गेलं, क्लब बंद पडला, शेडचे पत्रेसुद्धा लोकांनी नेले. वडिलांकडे एक चेक बनावटीची जुनी टू-स्ट्रोक गाडी तेवढी उरली. अल्टिमिश ट्रक चालवायला सैबेरियात गेला तो तिकडचाच झाला. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना उचलून बाहेर नेणारा, दाढी करणारा मामबेत होता. वडील गेले तेव्हा अल्टिमिश कुठल्याशा बर्फाच्या रस्त्यावर अडकला होता. बापाला माती द्यायला तो नव्हता.

गाडी कुणाची हे वडील सांगून गेले नाहीत. मामबेत म्हणायचा, ज्यानं सेवा केली त्याची. अल्टिमिश म्हणायचा, मुलगा मी आहे. खरं तर त्या गाडीला बाजारात कुणी हुंगलं नसतं. पण ती ज्याच्या अंगणात उभी राहील तो ओस्मोनालीचा खरा वारस, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं.

शेवटी गावच्या पांढऱ्या दाढीवाल्यांनी तोड काढली. शरदात वडिलांना जाऊन वर्ष होत होतं, त्यांचं वर्षाचं जेवण होतं. वर्षाच्या जेवणाला घोड्यांच्या शर्यती होतातच. ओस्मोनालीनं उभा जन्म घोड्याला हात लावला नाही, तेव्हा त्याच्या नावानं गाड्यांची शर्यत ठेवा, खिंडीपर्यंत वर आणि परत, आणि जिंकेल त्याला ती गाडी द्या, असं त्यांनी ठरवलं. मामबेत लगेच कबूल झाला. उन्हाळाभर तो परदेशी पाहुण्यांना गाडीवर डोंगर दाखवायचा. खिंडीचा रस्ता त्याला आपल्या अंगणासारखा होता.

अल्टिमिशकडे गाडीच नव्हती. पण जेवणाचा यजमान मामबेत होता, आणि आमच्याकडे यजमानानं पायी आलेल्या स्वाराला जनावर द्यावं लागतं, वैरी असला तरी. आधी निवड पाहुण्याची, उरेल ते यजमानाचं. वडीलधाऱ्यांनी मामबेतला याची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या शेडचं दार उघडलं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन फोर-स्ट्रोक होत्या, आणि एक टू-स्ट्रोक, जाणत्या पाहुण्यासाठी. मी दारात दुधाची बादली घेऊन उभी होते. अल्टिमिश सरळ टू-स्ट्रोककडे गेला, जसं माणूस गर्दीत आपल्या ओळखीच्याकडे जातो. त्यानं हँडल धरलं, गाडी डावी-उजवी कलवून पाहिली.

"मेहुणे," मामबेत मागून म्हणाला, "ते पोट घेऊन तिच्यावर बसू नका. ती लाथ मारते. फोर-स्ट्रोक घ्या. म्हाताऱ्या जर्मन बायका येतात, त्यांनासुद्धा ती सांभाळून नेते."

मामबेतनं सांगितलं ते खरंच होतं. पण कुणी मानू नये अशाच तऱ्हेनं सांगितलं. अल्टिमिशनं टू-स्ट्रोक बाहेर काढली. पूर्वी तो मामबेतला दाजी म्हणायचा. आता नावानं बोलू लागला. "मामबेत, पेट्रोलमध्ये ऑइल घातलंयस ना, की मला मारायचाच बेत आहे?" शेजारी ऐकत होते. मामबेतनं त्याच्यासमोर कॅन हलवून, टाकीत ओतून दाखवलं आणि मग त्याच्या बुटांपाशी थुंकला.

पुढचे काही दिवस अल्टिमिश नदीकाठच्या माळावर सराव करत होता. मी गुरांमागे जाताना बघायची. टू-स्ट्रोकचं असं असतं की कमी वेगात ती झोपलेली असते, आणि मूठ जरा जास्त पिळली की एकदम उसळते. पंचविशीच्या अंगाला ते चालतं. अल्टिमिशचे हात ट्रकच्या स्टिअरिंगवर जड झाले होते. एकदा ती त्याला ओढ्यात टाकून एकटीच पलीकडे गेली. एकदा पुढचं चाक उचलून त्याला पाठीवर आपटलं. संध्याकाळी त्याच्या हातांना इतके गोळे यायचे की चहाची वाटी दोन्ही हातांनी धरावी लागायची. मामबेत दूर घोड्यावर बसून बघायचा आणि लोकांना मोठ्यानं सांगायचा की सैबेरियाचं अस्वल सर्कशीत आलंय, तिकीट लागत नाही.

मी अल्टिमिशला म्हणाले, दुसरी घे, तुझ्यासाठी घे, त्याच्याकडे बघू नकोस. तो म्हणाला, "ताई, ती घेतली तर त्याचं ऐकलं असं होईल."

"आणि नाही घेतली तर?"

तो मनगट चोळू लागला. "बाबा काय म्हणायचे?" त्यानं विचारलं.

वडील म्हणायचे की गाडी आपल्याला आवडते म्हणून घ्यायची नसते, गाडीला आपण आवडलो पाहिजे. मी ते त्याला सांगितलं नाही. त्याला आठवत होतंच.

शर्यतीच्या सकाळी माळावर तंबू लागले होते, कढयांखाली जाळ होता. वडिलांची जुनी गाडी पांढऱ्या लोकरीच्या नमद्यावर उभी केली होती. अल्टिमिश शेडकडे गेला आणि फोर-स्ट्रोक ढकलत बाहेर आला. माणसं कुजबुजली. घोड्यावरचा एक जण म्हणाला की ओस्मोनालीचा मुलगा जर्मन बायकांच्या गाडीवर बसला. अल्टिमिश मामबेतसमोर थांबला.

"तू म्हणालास ते बरोबर होतं," तो म्हणाला. "ही मला सांभाळून नेते."

शिवी दिली असती तर मामबेतनं ती आनंदानं घेतली असती. पण आपला टोमणा समोरच्यानं सल्ला म्हणून घेतला, तोही चारचौघांत, हे त्याला सोसलं नाही. त्याचा चेहरा काळवंडला. तो शेडात गेला आणि टू-स्ट्रोक घेऊन आला. मी त्याच्या मागे धावले. दुसरी फोर-स्ट्रोक उभी आहे, रोज तिच्यावर फिरतोस, तीच घे, म्हणून हात जोडले.

"त्याच्यासारखीच गाडी घेऊन त्याला हरवलं तर ते हरवणं कसलं?" तो म्हणाला. "ओस्मोनालीच्या शर्यतीत टू-स्ट्रोक धावली पाहिजे. मुलाला जमत नसेल तर जावई चालवील."

आठ-दहा जण सुटले. चढावर मामबेत सगळ्यांच्या पुढे होता. टू-स्ट्रोक चढावर हलकी, आणि मामबेतच्या अंगात राग होता. तिचा टिपेचा आवाज दरीतून वर वर गेला. मागे अल्टिमिशच्या गाडीची जाड घरघर, लागून, पण मागेच. बाकीचे अर्ध्या चढावरूनच परत फिरले. खिंडीपाशी आवाज बारीक झाले. खाली बायका कणकेचे बोरसोक तळत होत्या, मी कढईपाशी होते, पण माझे कान वरच होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती आमच्या घरात पोर बोलायच्या आधी शिकतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल तिच्या पोटात वेगळं असतं. उतारावर मूठ सोडली तरी ती कोरडी पडत नाही, उलट इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलातून येतं. लांब उतारावर मूठ बंद ठेवली तर पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही. इंजिन कोरडं फिरत राहतं आणि मग एकदम जाम होतं, आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं जातं. म्हणून वडील पोरांना सांगायचे, उतारावर तिला उपाशी ठेवू नका. क्लचवरची बोटं काढू नका, आणि मधून मधून मूठ पिळून तिला एक एक घास भरवा. त्यांची पोरं उतरताना तो आवाज यायचा, गुर्र करून थांबायचा, परत गुर्र. लहानपणी त्या आवाजावरून कोण उतरतंय ते मी सांगायची. मामबेत तर घास भरवताना जरा लाडच करायचा, दोनदा पिळायचा. लग्नाआधी मी त्याला तसाच ओळखायची.

त्या दिवशी आवाज खिंडीवरून वळला आणि खाली यायला लागला. पुढे टू-स्ट्रोकच होती. मी घासाची वाट पाहिली. नुसतीच बारीक टरटर येत होती, एकसारखी. मी झारा हातात घेऊन उठले. माझी जाऊ म्हणाली, तेल जळतंय. मी तिला गप्प बसवलं. मामबेतच्या हाताला सगळं माहीत होतं, पण गेली दहा वर्षं त्या हातानं उतारावर मूठ सोडायची आणि गाडीवर विश्वास टाकायचा एवढंच केलं होतं. एक घास, मी मनात म्हणत होते, एक घास दे तिला.

टरटर तुटली. एक कर्कश किंकाळी आली, चाकाची, माणसाची नव्हे. मग वर धूळ दिसली, आणि फक्त जाड घरघर उरली.

घरघरसुद्धा थांबली. मग परत सुरू झाली आणि खाली आली.

अल्टिमिश पहिला आला. नमद्यावरच्या गाडीपाशी थांबला नाही, सरळ माझ्या मुलापाशी गेला आणि जीप काढ म्हणाला. अंगात नुसता सदरा होता आणि ओठ निळे पडले होते. खिंडीवर त्या दिवसांत वारा सुरीसारखा असतो.

मामबेतला जीपमधून आणलं तेव्हा त्याचं खुब्याचं हाड मोडलेलं होतं. शुद्धीवर होता. पांढऱ्या दाढीवाले भोवती जमले. त्यातल्या एकानं विचारलं, अल्टिमिश थांबला होता का? शर्यतीत पडलेल्याला ओलांडून गेलेल्या स्वाराला आमच्याकडे बक्षीस देत नाहीत, आणि पुढे कुणी त्याच्याबरोबर घोडाही पळवत नाही. मामबेतला हे ठाऊक होतं.

"नाही," मामबेत म्हणाला. "बघून पुढे गेला."

सगळे अल्टिमिशकडे वळले. तो म्हणाला, "थांबलो होतो. त्याला गाडीखालून बाहेर ओढलं. तो म्हणाला, तुझा हात लागला तर मरेन, चालता हो." शपथ घे म्हणाले, तर म्हणाला, ओस्मोनालीच्या जेवणात त्याच्या मुलाला शपथ घ्यावी लागत असेल तर बक्षीस ठेवा तुमच्याकडेच.

मी जीपमध्ये चढले. मामबेतच्या डोक्याखाली काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. मी ते हळूच काढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते झटकून सगळ्यांसमोर धरलं. रशियन जाकीट होतं, निळं, छातीवर ट्रक कंपनीचं नाव शिवलेलं. गावात तसं एकच होतं.

"हे वाऱ्यानं आणून घातलं का तुझ्या डोक्याखाली?" मी नवऱ्याला विचारलं.

मामबेतनं डोळे मिटले. पांढऱ्या दाढीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातला सगळ्यांत म्हातारा नमद्याकडे चालत गेला.

अल्टिमिशनं बापाची गाडी नेली, पण फार लांब नाही. ओढ्यापलीकडे त्यानं घर बांधलं आणि आमच्या खिडकीतून दिसेल अशी ती अंगणात उभी केली. मुद्दामच केलं, असं मला वाटतं. मामबेतचा पाय आखूड राहिला. त्यानं टू-स्ट्रोक भंगारात दिली आणि खिडकीला पडदा लावला. मी जाकीट धुऊन परत नेलं तेव्हा अल्टिमिशनं घेतलं नाही. मामबेत ते घरात ठेवू देईना. शेवटी ते शेडातल्या खिळ्यावर राहिलं. दोघं ईदच्या नमाजाला एकाच रांगेत उभे राहायचे, पण मध्ये नेहमी कुणीतरी तिसरा असायचा. शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

मामबेत त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, फुप्फुसाला सूज येऊन वारला. अल्टिमिश जिवंत आहे.