चार पेट्या आणि दोन लाद्या

थोरल्या बाईंनी धाकट्या सुनेकडून कोठाराची किल्ली काढून घेतली, तेव्हा साबण कापणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थबकले.

"पेट्या कोण भरतं? तूच ना?"

"मीच, आई."

"मग पेटीमागं अर्धा किलो साबण जातो कुठं? तुझ्या माहेरी एवढे कपडे मळतात होय?"

सुनेचं तोंड एवढंसं झालं. किल्ली गेली म्हणजे काम गेलं, वर चोर म्हणून जन्माचा शिक्का.

थोरल्या बाई दोनच इयत्ता शिकलेल्या, पण तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून कारखाना सांभाळलेला. काल वजन त्यांनी स्वतः केलं होतं. बारीक वजनं केव्हाच हरवलेली. उरलेलं एक विसाचं आणि एक दहाचं, दोन्ही उजव्या पारड्यात. डावीकडे सारख्या भरलेल्या चार बंद पेट्या. त्या हलक्या पडल्या म्हणून वर किलोकिलोच्या दोन साबणलाद्या ठेवल्या, तेव्हा काटा सरळ झाला. तिसाचे चार वाटे, साडेसात. आणि आज एक पेटी एकटी तोलली तर ती सातच लाद्यांना बरोबर!

"कालचं वजन पुन्हा मांडू या, आई. हात तुमचेच लागू द्यात."

"नजरबंदीचे खेळ मला नकोत."

तरी मांडलं. सून म्हणाली, "पेटीत किती आहे ते आपल्याला ठाऊक नाही, असं धरू."

"ठाऊक नाही म्हणूनच तर फावलं तुझं!"

"चार पेट्या आणि दोन किलो म्हणजे तीस किलो. एवढंच ठाऊक." तिनं दहाचं वजन उतरवून तिथं दहा लाद्या रचल्या. थोरल्या बाईंनी त्या दोनदा मोजल्या. काटा सरळच.

"आता पेट्यांवरच्या दोन लाद्या काढा."

काढल्या. उजवं पारडं धाडकन खाली गेलं.

"बिघडवलंस ना!"

"मग सरळ कसं करायचं?"

यात काहीतरी काळंबेरं असणार. थोरल्या बाई सुनेच्या हातांकडे बघत राहिल्या. हात पदराखाली नव्हते. शेवटी त्यांनी स्वतःच उजवीकडच्या दोन लाद्या उचलल्या. काटा सरळ. इकडे नुसत्या पेट्या. तिकडे वीस आणि आठ.

ओठ हलले. अठ्ठावीस. चार वाटे.

बोटांवर पुन्हा मोजलं. सातच. काल वरच्या लाद्यांसकट वाटे घातले होते. त्या पेट्यांत कुठं होत्या?

कोपऱ्यात साबणाची कढई ढवळणारा गडी खोकल्याचं निमित्त करून हसला. "तू कढई बघ, उतू जाईल," थोरल्या बाई कडाडल्या. मग उरलेल्या तीन पेट्या एकेक करून तोलल्या. सात, सात, सात.

"ही किल्ली भारी टोचते कमरेला," त्यांनी ती सुनेच्या तळहातावर ठेवली. "आणि जेवणं झाली की पुन्हा मांड. या खेपेला दोन्ही पारड्यांत पेट्या ठेव. बघते कशी फसवतेस ते."