निवळलेलं पाणी

त्या रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी सभेला माणसं जमवायची म्हणजे दारोदार फिरून हातापाया पडावं लागतं. त्या दिवशी आठव्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले आजोबासुद्धा लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले होते. समोर टेबलावर काचेची मोठी बरणी होती आणि तिच्यात आमचंच सांडपाणी, मोऱ्यांचं आणि बेसिनांचं, राखेच्या रंगाचं.

टेबलामागे जलगुरू उभे होते. ते स्वतःला गुरू म्हणवत नसत, लोकांनी म्हटलं की लाजून खाली बघत.

"पाणी घाण नसतं," ते हळुवार म्हणाले, "पाणी दुखावलेलं असतं. तुमचं यंत्र त्याला दिवसरात्र बडवतं. आम्ही त्याला फक्त आठवण करून देतो, की बाळा, तू एके काळी झरा होतास."

"झरा होता तर आमच्या मोरीत काय करतोय?" मागून कुणीतरी पुटपुटलं. थोडे हसले. जलगुरूही हसले. मग त्यांनी एक लाकडी काठी काढली, बरणीतलं पाणी एकवीस वेळा ढवळलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. वीस मिनिटं आम्ही शंभरएक शिकलेली माणसं आपापल्या सांडपाण्याची क्षमा मागत बसलो.

डोळे उघडले तेव्हा गाळ बुडाशी बसला होता आणि वरचं पाणी नितळ झालं होतं. टाळ्या थांबेनात. आमच्या अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. फाटकावर 'हरित इमारत' अशी पितळी पाटी आहे, तिच्यावर दोन तारे आहेत आणि शेजारच्या इमारतीच्या पाटीवर तीन. सांडपाणी शुद्ध करणारा आमचा प्लांट बंद केला तर विजेची बचत, आणि बचत झाली तर तिसरा तारा. बाईंना बरणीत तो ताराच दिसत होता.

"मास्तर, विज्ञानाच्या माणसाने खात्री करावी," असं म्हणून जलगुरूंनी ती ओली काठी माझ्या हातात दिली.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. काठी हातात फिरवली, हुंगली, परत दिली. मग सवयीने मिशीवरून बोटं फिरवली आणि ओठांना चव लागली. जीभ आवळून धरणारी ती चव मला लहानपणापासून ठाऊक होती. न्हावी दाढीनंतर गालावरून जो पांढरा खडा फिरवतो, त्याची. मी रुमालाने तोंड पुसलं आणि उभा राहून म्हणालो, "विज्ञानाला अजून पुष्कळ कळायचं आहे."

का म्हणालो, ते सांगतो. प्लांट माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर चार वर्षं माझ्या उशीतून येत होती. ती बंद होणार, एवढंच मला ऐकू आलं. स्वार्थ डोक्यात शिरला की अक्कल दाराबाहेर चपला काढून बसते, तशी माझी बसली.

एकटा माणूस विरोधात बोलला, प्लांट चालवणारा. तो माझाच जुना विद्यार्थी. दहावी तिसऱ्या धक्क्यात पार केलेला, म्हणून वर्गात मी त्याला 'ठोंब्या' म्हणायचो. तो इमारतीत कामाला लागल्यावर हौसेने इथेही म्हणू लागलो, आणि मग सगळेच म्हणू लागले.

"सर, पाणी निवळलं म्हणजे शुद्ध झालं नाही," तो दारातूनच म्हणाला. "हवा मिळते म्हणून टाकीतले जंतू घाण खातात. मग गाळण, मग क्लोरीन. हवा बंद केली तर..."

"ठोंब्या," मी म्हणालो, "दोनदा नापास होऊन तू आता आम्हाला शिकवणार का?"

हॉल खदखदून हसला. तो नाही हसला. प्लांट थांबवण्याच्या ठरावावर पहिली सही माझी झाली आणि त्याच महिन्यात त्याचं काम गेलं.

टाकीत तांब्याची चक्रं टांगली गेली. जलगुरूंची माणसं दर आठवड्याला येऊन 'चैतन्यचूर्ण' टाकत. त्या टाकीतून बागेच्या नळाला नितळ पाणी येई आणि मी गाढ झोपत होतो. सहाव्या आठवड्यात जिन्यात वास येऊ लागला. जलगुरू म्हणाले, "पाणी आपलं दुःख बाहेर टाकतंय."

मग गच्चीवरच्या बागेतले टोमॅटो तोडून तसेच खाल्लेली चार मुलं आजारी पडली. त्यांतली एक माझी नात, पाच वर्षांची. जुलाब थांबेनात, डोळे खोल गेले. माझी सून डॉक्टर आहे. तिने नातीला दवाखान्यात सलाईन लावलं, घरी येऊन बागेच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि तपासायला पाठवलं.

पुन्हा सभा भरली. जलगुरू गंभीर होते. "कुणीतरी टाकीत वाईट भावना सोडली आहे," ते म्हणाले. "ज्याचं काम गेलं, त्याच्या मनात काय असेल?"

"त्याच्याकडे टाकीची किल्ली होती," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पोलिसांत तक्रार देऊ. मास्तर, तुम्ही त्याला शाळेपासून ओळखता. अर्जावर तुमची सही घेते."

मला माहीत होतं. ओठांवरची ती चव अजून होती. तरी मी पेन हातात घेतलं. हे लिहायला मला फार जड जातंय, पण घेतलं.

तेवढ्यात तो आला. सुनेनेच त्याला बोलावलं होतं. त्याच्या हातात दोन बरण्या होत्या, दोन्हींत टाकीत येणारं गढूळ पाणी, आणि घरातला भाजी ढवळायचा एक लाकडी डाव.

"गुरुजी, मी पोलिसांत येतो," तो शांतपणे म्हणाला. "आधी एवढं पाणी या डावाने ढवळून दाखवा."

"काठी सिद्ध केलेली लागते," जलगुरू म्हणाले.

"मग डाव राहू दे. तुमचीच काठी घ्या, फक्त गरम पाण्याने चांगली धुऊन."

जलगुरूंनी काठी पाठीमागे धरली. धुतली तर तिची स्पंदनं जातील म्हणे.

"बरं, मीच ढवळतो." त्याने डावाने एक बरणी ढवळली, दुसरी तशीच ठेवली. या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत. वीस मिनिटांनी ढवळलेल्या बरणीतलं पाणी निवळलं, दुसरी होती तशीच राहिली.

"माझी बायको सिद्ध पुरुष नाही," तो म्हणाला. "डाव तिचा आहे. रात्रभर एका पाण्यात भिजवून वाळवला होता. कशाच्या, ते सर सांगतील. सरांनीच शिकवलंय."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. त्याने मला उघडं पाडलं नव्हतं. स्वतःहून बोलायची संधी दिली होती.

"तुरटी," मी म्हणालो. "तुरटीने बारीक माती आणि मळ एकमेकांना चिकटतो, जड होतो, तळाला बसतो. काठीला तीच होती, चूर्णातही तीच असणार. पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यातले रोगाचे जंतू सगळे जात नाहीत. आणि मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. काठीची चव माझ्या ओठांना लागली होती. मला झोप हवी होती, म्हणून गप्प बसलो."

सुनेने तपासणीचा कागद वाचून दाखवला: बागेच्या नळाच्या पाण्यात जुलाबाचे जंतू सापडले होते. कागद वाचून होईपर्यंत जलगुरू मागच्या दाराने निघून गेले होते. काठी घेऊन गेले, चक्रं राहिली.

अध्यक्षबाईंनी तक्रारीचा अर्ज फाडला आणि जलगुरूंविरुद्ध नवा लिहायला घेतला. त्यावर मात्र मी सही केली. मग प्लांटवाल्यापाशी गेलो, माफी मागितली आणि कामावर परत यायची विनंती केली.

"येतो सर," तो म्हणाला. "पण मला नाव आहे."

ते मला आठवेना. एकतीस वर्षं हजेरी घेणाऱ्या माणसाला ते त्यालाच विचारून घ्यावं लागलं. आता मी त्याला त्याच नावाने हाक मारतो, अहो-जाहो करून.

नात बरी झाली. ब्लोअर पुन्हा उशीखाली घरघरतो. झोप मोडते आणि मोडायलाच हवी. तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे: कुणी तुमच्यासमोर चमत्कार करू लागला तर डोळे मिटू नका, आणि त्याला नम्रपणे म्हणा, आमची काठी घ्या. तो नाही म्हणाला, तर पुढचं तुमचं तुम्हाला कळेल. आणि कळलं की लगेच बोला. माझ्यासारखं रुमालाने तोंड पुसू नका.